ताटाची डावी बाजू

गोळे कुटुंबात जेवणाच्या टेबलावर भांडण होत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. भांडण झालं असतं तर कोण काय म्हणालं ते धरून बसता आलं असतं, रुसता आलं असतं, समजूत काढता आली असती. इथे कोणी काही बोलतच नव्हतं. यज्ञेश्वरराव जेवायचे, हात धुवायचे आणि उठून जायचे. मागे त्यांच्या ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड वाढली होती तशीच राहायची.

चटणी-कोशिंबीर सुनेने केलेली असायची. उजवीकडची भाजी आणि आमटी बायकोच्या, प्रेमलाबाईंच्या, हातची, आणि ती बाजू चाटूनपुसून साफ. सुनेचं नाव रझिया. आता यातून ज्याने त्याने काय काढायचा तो अर्थ काढावा. घरातल्या सगळ्यांनी एकच काढला होता.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. मुलगा निनाद आणि रझिया एकाच बँकेत कामाला. रझियाचं माहेर कसबा पेठेत, पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि तिच्या वडिलांचा, मैनुद्दीनभाईंचा, मंडईत आलं-लिंबांचा गाळा. निनादने घरात विषय काढला तेव्हा यज्ञेश्वरराव पुढचे कित्येक महिने त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. प्रेमलाबाईंनी मात्र लगेच सांगून टाकलं होतं, "माझी काही हरकत नाही बाबा. ह्यांचं काय ते तू बघ." मग एक दिवस वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता यज्ञेश्वररावांनी विचारलं, "तारीख कधीची घेताय?" आणि लग्न झालं. ते बोलले नव्हते तेव्हा मनात काय होतं आणि बोलले तेव्हा काय होतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. विचारण्याची सोय त्यांनी कधी ठेवलीच नव्हती.

दिवाळीनंतर त्यांना झटका आला. मेंदूत उजव्या बाजूला छोटी गुठळी झाली होती. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. घरी आले ते चालत आले, बोलणं स्वच्छ, स्मरणशक्ती शाबूत, टोमणे पूर्वीसारखेच. डावा हात तेवढा मंद झाला होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "डाव्या बाजूकडे त्यांना लक्ष द्यायला लावा." सगळ्यांनी मान डोलावली, आणि घरी आल्यापासून त्यांच्या डाव्या हातात रबरी चेंडू देऊन तो दाबायला बसवलं. डॉक्टरांचं म्हणणं आपण तंतोतंत पाळतो आहोत, असं घराला वाटत होतं.

आणि तेव्हापासून ताटाचं हे सुरू झालं. रझियाची खुर्ची टेबलाशी त्यांच्या डाव्या हाताला होती. ती विचारायची, "बाबा, गोळी घेतलीत का?" ते घास घेत राहायचे. एकदा तिने तीनदा विचारलं तेव्हा त्यांनी उजवीकडे वळून प्रेमलाबाईंना विचारलं, "कोण बोलतंय गं?" रझिया अर्ध्या ताटावरून उठून गेली.

प्रेमलाबाईंनी नवऱ्याला एकटं गाठून झापलं. नाही असं नाही.

"अहो, पोरीच्या हातचं खाल्लं तर काय बिघडतं तुमचं?"

"मी काय खाल्लं नाही?"

"चटणी. रोज ती मरमर करून वाटते."

यज्ञेश्वररावांनी शांतपणे विचारलं, "वाढली होती?"

दुसऱ्या कुठल्या गावात हा साधा प्रश्न ठरला असता. पुण्यात जन्म काढलेल्या बाईला तो प्रश्न वाटणं शक्यच नव्हतं. चाळीस वर्षं या माणसाने नको असलेल्या गोष्टी अशाच मोडीत काढल्या होत्या. मेहुण्याच्या गाण्याबद्दल "गायला होता का?" आणि शेजाऱ्यांच्या नव्या गाडीबद्दल "आली का? दिसली नाही." तेव्हा "वाढली होती?" याचा अर्थ प्रेमलाबाईंनी जो लावायचा तो लावला, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रझियाने स्वयंपाकघरातून हे ऐकलं. तिनेही तोच लावला. तीही पुण्याचीच.

बाकीच्या खुणा कमी नव्हत्या, पण प्रत्येकीला काही ना काही उत्तर सापडत होतं. उजवा गाल तुळतुळीत आणि डाव्यावर खुंट तसेच. का, तर हात थकतो. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा लागायचा, का, तर चष्म्याचा नंबर वाढला असणार. एकदा ते म्हणाले, "हल्ली पेपरात वाक्यं अर्धवट छापतात." यावर तर घरात आणि जिन्यात सर्वांचं एकमत झालं.

एका शुक्रवारी निनादने सांगितलं की वारज्याला भाड्याने घर बघितलं आहे आणि येत्या पहिल्या तारखेला ते दोघं तिकडे जाताहेत. रझिया शेजारी उभी होती. "मी नकोशी आहे तिथे मला राहायचं नाही, आई," ती म्हणाली. "बाबा आजारी आहेत म्हणून इतके दिवस काढले." तिचा आवाज चढलेला नव्हता. प्रेमलाबाईंना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एकुलता मुलगा घर सोडून जाणार, आणि तो का गेला हे सगळं कोथरूड विचारणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाचं व्याख्यान होतं. प्रेमलाबाई सगळ्या व्याख्यानांना जात. मध, गुडघे, नक्षत्रं, मृत्युपत्र, विषय काहीही असो. त्या दिवशी विषय होता मेंदू, पण त्या गेल्या त्या घरात बसवेना म्हणून. वक्त्या होत्या डॉ. कुमुद आठल्ये, उभा जन्म मेंदूच्या संशोधनात घालवलेल्या, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. सेक्रेटरींनी त्यांची ओळख इतकी लांबवली की शेवटी बाईंनीच स्वतःच्या हाताने माइक ओढून घेतला.

"माणूस मेंदूचा दहा टक्केच वापर करतो, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय," त्यांनी सुरुवात केली. "ते खोटं आहे. आपण सगळा मेंदू वापरतो. नव्वद टक्के शिल्लक पडून असता, तर पुण्यातल्या पार्किंगचं काहीतरी झालं असतं."

सभागृह हसलं आणि सावरून बसलं. बाईंनी सगळ्यांना डावा डोळा झाकायला लावला. दोन्ही हात समोर ताठ, दोन्ही अंगठे वर, उजव्या डोळ्याने नजर डाव्या अंगठ्यावर, आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवायचा. साठी-सत्तरीतली माणसं अंगठे उगारून बसली. थोड्या वेळाने एकेक जण "अरेच्चा" म्हणायला लागला, कारण अंगठ्याचं टोक मध्येच कुठेतरी नाहीसं होत होतं.

"तिथे तुमच्या डोळ्याला दिसतच नाही," बाई म्हणाल्या. "नसा डोळ्यातून बाहेर पडतात तेवढी जागा आंधळी असते. जन्मापासून आहे. मग आजवर जगात भोक का दिसलं नाही? कारण मेंदू आजूबाजूचं बघून ते बुजवून टाकतो, आणि बुजवलं हे तुम्हाला कळवतही नाही. आपल्याला एखादी गोष्ट दिसत नाही, हे काही आपल्याला आपोआप समजत नाही. ते दुसऱ्याने दाखवावं लागतं."

मग त्यांनी त्यांच्या आवडीचा विषय काढला. लक्ष. डोळ्यांना दिसतं ते सगळं आपण बघत नाही. कुठे बघायचं ते मेंदू ठरवतो, आणि या कामात उजव्या मेंदूचा एक भाग फार महत्त्वाचा. त्याला इजा झाली की काही माणसांची डावी बाजूच हरवते. "डोळे उत्तम असतात. मान वळते. पण डावीकडे काही असू शकतं हेच मनात येत नाही. घड्याळ काढा म्हटलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने लिहितात. दाढी अर्धीच करतात. ताटातलं अर्धंच जेवतात, आणि वर घरच्यांना सांगतात की आज कोशिंबीर वाढलीच नाही."

मांडीवरची पर्स प्रेमलाबाईंनी दोन्ही हातांनी धरली.

"त्याहून गंमत पुढे आहे," बाई सांगत होत्या. "इटलीत संशोधकांनी अशा रुग्णांना सांगितलं की गावातल्या मोठ्या चौकाच्या एका टोकाला उभे आहात असं मनात आणा आणि काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता मनातल्या मनात समोरच्या टोकाला जा आणि तिथून सांगा. तेव्हा आधी गाळलेल्या इमारती भराभर सांगितल्या आणि मघाच्या विसरले. म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती. आठवणीतही डावीकडे लक्ष जात नव्हतं. सगळ्या रुग्णांत हे सापडतं असं नाही, पण काहींत सापडतं."

मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे ढोंग नव्हे म्हणता?"

"ढोंग करायचं तर डावी बाजू आहे हे आधी माहीत हवं ना."

प्रेमलाबाई उठल्या. आजवर एकाही व्याख्यानात त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. "आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. ताट, दाढी, दाराची चौकट, वर्तमानपत्र. फक्त सुनेचं नाव आणि टेबलावर कोण कुठे बसतं ते गाळलं.

डॉ. आठल्ये पूर्ण ऐकेपर्यंत थांबल्या. "मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "त्या गृहस्थांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि हे असंच्या असं सांगा. यावर उपचार असतात, सवयीने बरीच सुधारणा होते. तोवर घरी ताट अर्धं फिरवून बघा. आणि त्यांना चांगल्या ओळखीची एखादी जागा विचारा, दोन्ही टोकांकडून." मग म्हणाल्या, "रागावू नका त्यांच्यावर. म्हणजे, त्यांच्या बायकोला सांगा."

रविवारी दुपारी जेवणाआधी प्रेमलाबाईंनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या उजवीकडे बसल्या. निनाद आणि रझियाला सकाळीच सारं सांगितलं होतं. निनादने इंटरनेटवर वाचून मान डोलावली होती. रझिया स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत उभी होती. तिचा विश्वास बसलेला नाही हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"अहो, एक करा. डोळे मिटा. रविवार आहे, तुम्ही पिशवी घेऊन मंडईत शिरलात. तुमच्या नेहमीच्या ओळीतून चाललाय. कोण कोण दिसतं?"

"का? तुला मंडईत जायचंय? मग जाऊन बघ की."

"सांगा तर."

यज्ञेश्वररावांनी डोळे मिटले. मंडई हा त्यांचा खास प्रांत. दर रविवारी जात, आणि दोन तास घालवून तीन भाज्या आणत. "पहिला गेनबा. कांदे बरे असतात, बोलतो फार. मग मथुराबाई, वांगी. मग तो भैरू, फ्लॉवर पाण्यात बुडवून ठेवतो, त्याच्याकडे घेत नाही मी. पुढे दुधीवाले. मग बाहेरच."

"आणि समोरच्या बाजूला? डावीकडे?"

"डावीकडे काय? काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना."

त्या ओळीत डावीकडे तिसरा गाळा मैनुद्दीनभाईंचा होता. हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं. रझियाचा चेहरा उतरला. ती आत वळणार, तेवढ्यात प्रेमलाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. आठल्येबाईंचं म्हणणं खोटं निघालं, तर त्यांनी आज हे सुनेच्या तोंडावर नवऱ्याकडून वदवून घेतलं असं होणार होतं.

"बरं. आता खरेदी झाली. तुम्ही मागे फिरलात. त्याच ओळीने परत येताय. आता कोण कोण?"

"परत येताना?" त्यांनी मान जराशी हलवली, आणि मग गाडी सुरू झाली. "आधी ती बायडाबाई, पालेभाज्या. मेथी घ्यावी तर तिच्याकडे. मग मिरच्यावाली. मग मैनुद्दीन."

"कोण?"

"मैनुद्दीन गं, आपले व्याही. आलं-लिंबू. तिथे वेळ जातो माझा. स्टूल काढून देतात, बसा म्हणतात. चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दोन कप होतात. तुला सांगितलं नाही, कारण तू साखर मोजत बसतेस. मोजत म्हणजे, माझं बोट टोचत बसतेस. आजारी पडल्यापासून जाणं नाही. त्यांना वाटत असेल, याला काय झालं."

"आणि गेनबा? मथुराबाई?"

"ते कुठे मध्येच? त्या ओळीत नाहीत ते."

निनाद खाली बघून हसला आणि त्याने डोळे पुसले. रझिया दारातच उभी होती. लग्नानंतर दर रविवारी बाबा अब्बांकडे बसून चहा पितात, हे तिला अब्बांनीही सांगितलं नव्हतं. दोघा म्हाताऱ्यांनी साखरेपायी ही गोष्ट बायकांपासून लपवून ठेवली होती.

जेवायला बसले. प्रेमलाबाईंनी नेहमीसारखं ताट वाढलं आणि मग उचलून अर्धं फिरवून नवऱ्यापुढे ठेवलं. चाळीस वर्षांत त्यांनी असं उलटं ताट कधी कोणापुढे मांडलं नव्हतं. कोशिंबीर, चटणी, लिंबू उजवीकडे आलं. भाजी आणि आमटीची वाटी डावीकडे गेली.

यज्ञेश्वररावांनी पोळीचा तुकडा मोडून चटणीला लावला. मग दुसरा. "आज चटणी केलीस होय," ते म्हणाले. "किती दिवसांनी. कोथिंबिरीची बरी झालीय. रझियाने केली असणार, तुझ्या हातची एवढी बारीक होत नाही." कोशिंबीर त्यांनी दोनदा मागून घेतली. शेवटी त्याच कोशिंबिरीशी भात खाल्ला आणि विचारलं, "आमटी नव्हती का आज?"

कोणी हसलं नाही. निनाद त्यांना हात धुवायला घेऊन गेला.

टेबलाशी दोघीच उरल्या. ताटात डाव्या बाजूला प्रेमलाबाईंची भाजी आणि आमटी वाढली होती तशीच होती. रझिया ते ताट बघत होती.

"बाबांचं मला कळलं, आई," ती म्हणाली. "मी त्यांच्यावर उगाच राग धरला. उद्या मी त्यांना दवाखान्यात घेऊन जाते, रजा टाकते. पण एक विचारू?"

"विचार ना."

"ते एक बाजू सोडत होते. माझ्या हातचं सगळं त्याच बाजूला होतं, म्हणून मला ते लागलं. आमटी माझी असती, चटणी तुमची असती, तर आपल्या कोणाला असं काही वाटलंच नसतं. दोन वर्षांत मी या घरात गॅस पेटवला तो फक्त चहासाठी. माझं सगळं एकाच बाजूला का आहे?"

प्रेमलाबाईंकडे उत्तर तयार होतं. ते त्यांनी नात्यात दहा जणांना दिलेलं होतं. तुला बँक असते, सकाळची घाई असते, चटणी-कोशिंबीर कशी पटकन होते. त्यांनी तोंड उघडलंही. "अगं, तुला..." आणि वाक्य तिथेच सोडलं. शिजवलेलं अन्न मुसलमान मुलीच्या हातचं नको, हे त्यांनी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा नाही. न शिजवलेलं तेवढं तिच्याकडे दिलं होतं आणि वर "ह्यांना चालणार नाही" असं एक कारण मनाशी धरून ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात कुठलीही गुठळी नव्हती. त्यांना दोन्ही बाजू पहिल्या दिवसापासून नीट दिसत होत्या. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"कारण मी तसं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या नावावर खपवलं. ह्यांना कधी विचारलं नव्हतं."

रझियाने मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं, फक्त ते कोणीतरी बोलायला हवं होतं. ती उठली, पेले गोळा केले. बाहेरून यज्ञेश्वररावांचा आवाज येत होता. टॉवेल कुठे आहे, म्हणून ते ओरडत होते. टॉवेल त्यांच्या डाव्या हाताशी होता आणि निनाद त्यांना तिकडे वळायला सांगत होता.

"पहिल्या तारखेला आम्ही जात नाही," रझिया म्हणाली. "बाबांना डावीकडे बघायला शिकवायचंय, त्याला घरात माणूस लागेल. पण मी थांबतेय ती त्यांच्यासाठी, आई. तुमच्याबद्दल मी अजून काही ठरवलेलं नाही."

"बरं," प्रेमलाबाई म्हणाल्या. याहून जास्त मागण्याचा आपल्याला हक्क नाही, हे त्यांना कळत होतं.